फडक्यातला वरवंटा

१

फडकं सोडलं आणि आतून निघाला वरवंटा. मिक्सर आल्यापासून परसात पडून राहिलेला, वीतभर लांबीचा काळा दगड. त्या जागी काकासाहेबांच्या जुन्या फियाटचा कार्बोरेटर असायला हवा होता. भंगाराच्या बाजारांतून हुडकून आणलेला, सगळा खोलून, त्याचं एकेक भोक सुईनं साफ करून परत जोडलेला. इंजिन तयार होतं, तेवढा एक भाग बसवायचा राहिला होता.

काकासाहेब साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. तोलूनमापून बोलणारा माणूस, हाताखालच्यांवर कधी आवाज चढवला नाही. पण त्या सकाळी ते वरवंटा हातात घेऊन तडक स्टँडजवळच्या चौकात गेले, बजरंगच्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडसमोर उभे राहिले आणि टपरीवरच्या माणसांदेखत त्याला चोर म्हणाले. आदल्या दिवशी बजरंग मडगार्डचा पत्रा बघायला त्यांच्याकडे येऊन गेला होता, आणि सुरेखाबाई चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा गाडीपाशी तो एकटाच होता. एवढं लोकांना पुरलं. बजरंग पाथर्डीकडचा, ऊसतोड करणाऱ्याचा मुलगा. गावाच्या लेखी तो अजून उपराच होता. दुपारपर्यंत दोघांनी आपापल्या गाड्या त्याच्याकडून ओढून नेल्या. जागेचे मालक आप्पासाहेब त्याला म्हणाले, "सोमवारच्या बाजाराआधी जागा खाली कर."

सत्यशीलाला हे सगळं फोनवर सांगितलं ते काकासाहेबांच्या पुतण्यानं, करणनं. सत्यशीला ही सुरेखाबाईंची धाकटी बहीण. पोलिसातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त होऊन ती नगरला राहत होती, आणि पाट्यांवर जिल्ह्याचं नाव बदललं तरी तिच्या तोंडी नगरच होतं.

"मावशी, तुमी या," करण म्हणाला. "काका पोलीस स्टेशनला जायचं म्हनतेत. काकू म्हनती नका जाऊ, अन् का ते सांगत न्हाई. नुसती रडती."

चोरीचं सत्यशीलाला काही वाटलं नाही, चोऱ्या तिनं ढिगानं पाहिल्या होत्या. पण आक्का रडते म्हटल्यावर ती कोपरगावच्या एसटीत जाऊन बसली. आक्का सहसा रडणारी बाई नव्हती.

२

गाडी म्हणजे डुक्कर फियाट. पुढून तोंड फुगीर, म्हणून सगळा मुलूख तिला याच नावानं ओळखतो. एके काळी ती कारखान्याच्या चीफ इंजिनिअरची होती आणि तिच्यातूनच आक्काची वरात निघाली होती. सत्यशीला तेव्हा परकरी पोर. ड्रायव्हरशेजारी बसायला मिळालं या आनंदात बहीण सासरी चालली हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढे गाडी कुठल्याशा गोदामामागे सडत पडली. निवृत्त झाल्यावर दाजींनी, म्हणजे काकासाहेबांनी, ती भंगारातून सोडवून आणली, गोठ्याची शेड रिकामी केली आणि तिच्या मागे लागले. बायकोला तिच्यात बसवून एकदा शिर्डीपर्यंत न्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

सत्यशीला शेडमध्ये शिरली तेव्हा दाजी डाव्या हातानं पाना फिरवत होते. जन्माचे डावखुरे. आक्काच्या लग्नात त्यावरून भटजींनी त्यांना दोनदा टोकलं होतं.

"या, सत्यशीलाबाई. साडूभाऊ कुठं राहिले?"

सत्यशीलाच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. दाजींनीच त्याला खांदा दिला होता. तिला काही सुचायच्या आत मागून आक्का आली.

"रागाच्या भरात काय बोलतेत त्यांचं त्यांना कळत न्हाई. तू बस, च्या टाकते."

सत्यशीला एका पिंपाशेजारी स्टुलावर बसली. पिंपातून आंबूस घाण वास येत होता. त्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं, फक्त लोखंड.

"हा आपल्या ऊसवाल्यांचा इलाज," दाजी खुलले. "जनावरांच्या खाद्याच्या दुकानातून साखर काढून उरलेली मळी आनायची, पान्यात कालवायची अन् गंजका भाग तारेनं बांधून आत टांगायचा. ॲसिड पत्र्यालाबी खातं. मळी नुसता गंज खाती. फक्त धीर धरावा लागतो. ह्यातले भाग दसऱ्याच्या मुहूर्तावर सोडलेत, तवापासून झाकन उघडलं न्हाई."

"अन् फक्त लोखंडच का?"

"ॲल्युमिनियम, जस्त टाकलं तर मळी धातूच खाऊन टाकती. पंधरा दिवसांत खड्डे पडतात, महिना-दीड महिन्यात चाळन. वर्कशॉपात नवीन पोरगं आलं की मी पैलं हेच शिकवायचो."

"दाजी, कार्बोरेटर शेवटचा कधी पाहिला?"

"परवा. फळीवर फडक्यात होता की."

"फडकं फळीवर होतं. आतला कार्बोरेटर डोळ्यांनी कधी पाहिला?"

दाजींचा हात थांबला. त्यांनी आक्काकडं पाहिलं, आणि उत्तर आक्कानंच दिलं. "खंडेनवमीला. हत्यारांची पूजा केली तवा सगळे भाग पाटावर मांडले हुते. त्यालाबी हळद-कुंकू वाहिलं."

फडकं कसं बांधलं होतं ते सत्यशीलानं करून दाखवायला सांगितलं. दाजींनी कापड गुंडाळलं आणि वरून सुतळीचे दोन आडवे, दोन उभे वेढे दिले. वर्कशॉपची सवय. पण वरवंटा निघाला त्या फडक्यावर सुतळीचा वळ कुठंच नव्हता. त्याची चारही टोकं मात्र पार चुरगळून गेली होती, समोरासमोरची टोकं एकमेकांत घट्ट आवळल्यासारखी. शेतावर भाकरी न्यायची तर बायका फडक्याला अशी गाठ मारतात. सत्यशीलाला ती तिच्या आईनं शिकवली होती, आणि तिच्या आधी आक्काला.

३

ओळखीची गाठ दिसली म्हणून लगेच आक्काकडे बोट दाखवायला सत्यशीला नवशिकी नव्हती. खरं सांगायचं तर तिला ते बोट दाखवायचंच नव्हतं. तिनं आधी करणला ओसरीवर बसवलं.

करण पुण्याला नोकरीला. दिवाळीलाही सुट्टी मिळाली नाही म्हणून तो गेल्या शनिवारी आला होता. गोठ्याच्या शेडवर त्याचा डोळा आहे हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं; तिथं त्याला गाड्या धुवायचं सेंटर काढायचं होतं.

"व्हय, पाहिजे मला शेड," तो सरळ म्हणाला. "पन काकांनी सांगितलंय, गाडी चालू झाली की शेड तुझी. मग मी कार्बोरेटर कशाला पळवीन? उलट मलाच घाई हाय."

यात खोट नव्हती. गाडी जितकी रखडेल तितकं करणचंच नुकसान होतं.

मग तिनं भंगारवाल्या छगनला फाटकाशी गाठलं. छगन टेम्पोतून उतरलाही नाही.

"बाई, मी भंगारवाला हाय. घेतलं तर विकीन, पन त्याजागी वरवंटा ठिवायची हौस मला कशाला? आन् वैनी मला फाटकाच्या आत येऊ देत न्हाईत. सगळं भंगार हितंच देतेत."

"कुणी तुझ्याकडं असा कार्बोरेटर विकायला आणला?"

"इकायला न्हाई." छगननं घराकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "पन दिवाळीच्या आदी वैनीच मला इचारत हुत्या, असला दुसरा कुटं मिळंल का म्हनून. साहेबांना सांगू नको म्हनल्या."

चोरी उघडकीला आली परवा, आणि आक्का दुसरा कार्बोरेटर शोधत होती दिवाळीच्या आधीपासून. सत्यशीला फाटकाचा गज धरून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, हा तपास इथंच सोडून नगरची गाडी धरावी.

४

ती चौकात गेली तेव्हा बजरंग रंगाचे डबे पोत्यात भरत होता. त्याची बायको निकिता कॉम्प्रेसरवर हात ठेवून उभी होती, जणू तो कुणी आत्ताच उचलून नेणार होतं.

"दसऱ्याच्या आदीच मी गावी गेल्तो, ताई," बजरंग म्हणाला. "बापाचा पाय मोडला हुता, घराच्या पत्र्यावरनं पडला. दिवाळी झाल्यावर आलो. आल्यावर दादांचा निरोप मिळाला, मडगार्ड बघून जा. म्हनून गेलो. फळीला मी हातसुद्धा लावला न्हाई."

"दाजी त्या दिवशी कसे होते?"

बजरंग घुटमळला. "मडगार्ड दाखवलं. कुटं ठोकायचं, कुटं भरायचं, समदं सांगितलं. मी निघालो, तर म्हनले, आरं थांब, मडगार्ड बघून जा. आन् परत पैल्यापास्नं सांगितलं. मी ऐकून घेतलं. डोळे मिटून पत्र्यावरनं हात फिरवायला त्यांनीच मला शिकवलंय, ताई. त्यांच्यापुढं काय बोलायचं."

"तुम्ही नका बोलू, मी बोलते," निकिता म्हणाली. "पोलिसात दिलं असतं तर आमी जबाब दिला असता. चौकात चोर म्हनल्यावर जबाब कुनाला द्यायचा? कार्बोरेटर सापडंल उद्या. लोक म्हनतील, पकडला जाईल म्हनून गुपचूप आनून ठिवला. आमचं नाव कोन आनून दील?"

बाजार परवावर आला होता. सत्यशीला परत निघाली आणि चालता चालता तिच्या ध्यानात आलं, की दाजींचं घर, परस, माळा, करणची बॅग, बजरंगचं दुकान, सगळीकडे ती येण्याआधीच शोधून झालं होतं. हात घातला नव्हता तो फक्त एका जागी, आणि त्या जागेशेजारी स्टुलावर बसून ती स्वतः चहा प्यायली होती.

५

दाजी दुपारचे पडले होते. सत्यशीलानं पिंपाचं झाकण काढलं आणि पदर नाकाला लावला. आडव्या गजाला तारा बांधून भाग आत सोडलेले होते. ती एकेक तार ओढू लागली. बिजागरी आली, काळीभोर पण गंज गेलेली. मग ब्रेकचा दांडा, मग बंपरची पट्टी. प्रत्येक तार जड लागत होती. शेवटची हाताला हलकीच लागली.

तिच्या टोकाला राखाडी रंगाचं काहीतरी लोंबत होतं. कडा कुरतडलेल्या, अंगभर भोकं, बोटानं दाबलं तर पापुद्रा सुटत होता. आत पितळेच्या बारीक जेट तेवढ्या शाबूत होत्या. हाच तो जस्ताचा कार्बोरेटर. दीड महिना मळीत राहून त्याची चाळण झाली होती.

दीड महिना म्हणजे दसरा. बजरंग तेव्हा पाथर्डीला, करण पुण्यात, छगन फाटकाबाहेर. घरात माणसं दोनच.

"मीच टाकला तो."

आक्का दारात उभी होती. "पाटावरचे भाग आवरताना चुकून टाकला. मला काय कळतं त्यातलं. मग भिऊन फडक्यात वरवंटा बांधला. चूक माझी हाय, तसं सांग सगळ्यांना."

"वरवंटा तू बांधलास, गाठ तुझी आहे," सत्यशीला म्हणाली. "पण ही तार तू बांधली नाहीस, आक्का. या सगळ्या तारा बघ. उजव्या हाताचा माणूस तारेला एका बाजूनं पीळ देतो, डावखुरा उलट्या बाजूनं. इथल्या झाडून साऱ्या तारांना उलटा पीळ आहे. या तारेलासुद्धा."

आक्का खाली बसली. तोंडात पदर कोंबून ती रडली, आणि मग सगळं बाहेर पडलं. वर्षभर हे चाललं होतं. दाजी चष्मा तांदळाच्या डब्यात ठेवायचे, भाकरी खाऊन तासाभरात जेवायला मागायचे, गेलेल्या माणसांना फोन लावायचे. खंडेनवमीनंतर त्यांना फडकं रिकामं सापडलं आणि ते दिवसभर कार्बोरेटर, कार्बोरेटर करत हिंडले. आक्काला वाटलं, कुठंतरी ठेवून विसरले असतील, मिळेल. तोवर जीव शांत राहावा म्हणून तिनं फडक्यात वरवंटा बांधून फळीवर ठेवला आणि सांगितलं, हा काय, आहे की जागेवर. ते बाहेरून चाचपून बघायचे आणि समाधानानं कामाला लागायचे.

"अन् बजरंगचं नाव घेतलं तेव्हा?"

"मला वाटलं, दोन दिसांत इसरतील," आक्का म्हणाली. "इतकं समदं इसरले, हेबी इसरतील. त्यांचं असं झालंय हे मला कुनाला कळू द्यायचं नव्हतं गं. लोक त्यांना फोरमनसाहेब म्हनतेत."

सत्यशीलाला बहिणीचा राग आला आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच तिनं केलं नाही. मागे दाजी उभे होते, कधीपासून कोण जाणे.

६

त्यांनी पुढे होऊन ती तार घेतली. चष्मा कपाळावर सारून तिचं टोक डोळ्यांजवळ धरलं. मग शेजारच्या बिजागरीची तार पाहिली, दांड्याची पाहिली. खिळ्याला अडकवलेल्या वेटोळ्यातून तारेचा नवा तुकडा तोडला, पक्कड डाव्या हातात धरली, पीळ दिला आणि दोन्ही तारा शेजारी शेजारी धरल्या. नोकरीत असताना तुटलेला भाग आला की तो कुणाच्या हातून तुटला ते ते असंच शोधून काढायचे.

"हा पीळ माझा हाय," ते म्हणाले.

त्यांनी कार्बोरेटर तळहातावर घेतला. त्याचा एक तुकडा त्यांच्या बोटाखाली पडला.

"सत्यशीला, मला ह्यातलं काहीच आठवत न्हाई. कुनी दुसऱ्यानं येऊन केल्यासारखं वाटतंय. पन तार खोटं बोलत न्हाई." मग त्यांनी विचारलं, "मी चौकात बजरंगला काय म्हनलो?"

आक्का म्हणाली, "जाऊ द्या आता."

"सत्यशीला, तू सांग."

सत्यशीलानं सांगितलं. आरोपीला गुन्हा वाचून दाखवावा तसं, शब्दन् शब्द.

दाजींनी मळीचे हात सदऱ्यालाच पुसले. "चला. आत्ता."

"उद्या सकाळी जाऊ," आक्का म्हणाली. "तोंड तरी धुवा. बाजाराला अजून एक दिवस हाय."

"उद्या मला हे आठवंल ह्याची हमी तू घेतीस का?" दाजींनी विचारलं, आणि आक्कानं मान फिरवली.

७

चौकात टपरीवर तीच माणसं होती. आप्पासाहेब बाकावर पेपर वाचत बसले होते. मळकट सदऱ्यातले काकासाहेब, मागे दोघी बहिणी आणि करण असे येताना पाहून बोलणी थांबली. निकिता शेडच्या तोंडाशी येऊन आडवी उभी राहिली.

"बजरंगनं माझं काही चोरलं न्हाई," दाजी मोठ्यानं म्हणाले. हातातला चाळण झालेला कार्बोरेटर त्यांनी वर धरला. "हा माझा कार्बोरेटर. मी माझ्या हातानं मळीच्या पिंपात टाकला. जे करू नका म्हनून जन्मभर पोरांना शिकवलं, तेच मी केलं. मला ते आठवत न्हाई. मला बरंच काही आठवत न्हाई आता. माझं डोकं चालंना झालंय. बजरंगला मी चोर म्हनलो, ते खोटं हुतं."

आक्का ओठ घट्ट मिटून उभी होती. वर्षभर तिनं जे पदराखाली झाकलं होतं, ते नवऱ्यानं भर चौकात मांडलं. सत्यशीलानं तिचा हात धरला.

आप्पासाहेब उठले. "असू द्या, काकासाहेब. वय झालं की व्हायचंच. बजरंग, तुझी जागा तुझ्याकडंच राहू दे बाबा. झालं गेलं."

"झालं न्हाई," दाजी म्हणाले. "हे मी इसरनार, आप्पासाहेब. मला फक्त एवढं कळेल की कार्बोरेटर जागेवर न्हाई. मग मी परत हितं येईन. असाच उभा राहीन अन् परत ह्याचंच नाव घेईन. तवा मला समजावत बसू नका, मी ऐकायचो न्हाई. तुमी फक्त माझ्यावर इस्वास ठिवू नका. म्हना."

"काय म्हणू?"

"काकासाहेबावर इस्वास ठिवायचा न्हाई. म्हना."

कारखान्यात मशीन चालू करण्याआधी ते प्रत्येक कामगाराकडून धोक्याची सूचना अशीच वदवून घ्यायचे. टपरीवरचे निम्मे लोक कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेले होते. आप्पासाहेबांनी खाली बघत ते वाक्य म्हटलं. मग टपरीवाल्यानं म्हटलं. आपली गाडी ओढून नेणाऱ्या दोघांपैकी एक जण तिथं होता, त्यानं दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा त्याचा आवाजच फुटला नाही. करणनंही म्हटलं. निकितानं आडवा धरलेला हात खाली घेतला, पण ती काही बोलली नाही, आणि दाजींनी तिला आग्रह केला नाही.

शेवटी ते बजरंगपुढे जाऊन उभे राहिले.

"आता तू."

"दादा, मला न्हाई म्हनता यायचं."

"मी परत आलो तर सगळ्यात आदी तुझ्या दारात येनार. तुलाच पाठ पायजे. म्हन."

बजरंगचे डोळे भरून आले होते. त्यानं रंगानं भरलेले हात पाठीमागे बांधले, शाळेतल्या पोरासारखी मान खाली घातली आणि म्हणाला, "दादांवर इस्वास ठिवायचा न्हाई."

"जोरात."

तो जोरात म्हणाला. दाजींनी मान हलवली, आणि कार्बोरेटर त्याच्या हातात देऊन ते टपरीच्या बाकावर टेकले.